सुरगाठीचा आधार

खोल पाण्याचं शास्त्र : लेखांक 7

सहा मीटर खोलीवर एक पाणबुड्या नांगराचा दोर धरून आहे. मान वर केली की त्याला बोटीचा तळ दिसतो, पाण्यात सोडलेली शिडी दिसते, शिडीच्या पायऱ्यांवर फुटणारं ऊनही दिसतं. चार-सहा वेळा पाय मारले तर तो वर पोचेल. सिलिंडरमध्ये वायू आहे, अंगात त्राण आहे, फक्त थंडी हळूहळू हाडांत उतरू लागली आहे. पण त्याला अजून चाळीस मिनिटं इथेच थांबायचं आहे आणि समुद्र त्याला थांबू देत नाही. प्रवाह त्याला दोरापासून दूर ओढतो आहे. गुढीचं वस्त्र वाऱ्यावर आडवं व्हावं तसं त्याचं शरीर पाण्यात आडवं झालं आहे. मूठ सुटली तर तो बोटीपासून दूर जाईल, आणि चाळीस मिनिटं मूठ आवळून धरणं माणसाच्या हाताला झेपणारं नाही.

यावर जो उपाय निघाला तो दीड-दोन मीटरच्या दोरीचा एक तुकडा आहे. इंग्रजी बोलणारे पाणबुडे त्याला ‘जॉनलाइन’ म्हणतात. आपल्याकडे गोठ्यातल्या जनावराला खुंट्याशी बांधायच्या दोरीला ‘दावं’ हा सुरेख शब्द आहे. आजच्या लेखांकात मीही तोच वापरणार आहे. दाव्यामुळे जनावर एका जागेशी बांधलेलं राहतं, पण उठायला, बसायला, मान फिरवायला त्याला मोकळीक असते. प्रवाहात थांबलेल्या पाणबुड्याला हेच हवं असतं.

थांबा कशासाठी

मागच्या आठवड्यात आपण नायट्रोजनचा हिशेब पाहिला. दर दहा मीटर खोलीला पाणबुड्यावरचा दाब एका वातावरणाने वाढतो. त्या वाढलेल्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि रक्तातून स्नायू, चरबी, सांधे, मज्जारज्जू यांच्यात विरघळत जातो. वर येताना दाब उतरतो तसा तो बाहेर पडू लागतो. सावकाश आलं तर तो फुप्फुसावाटे उच्छ्वासातून निघून जातो. घाई केली तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर बाटलीत जे होतं तेच शरीराच्या आत होतं, म्हणजे बुडबुडे उठतात. सांध्यातला बुडबुडा असह्य दुखतो आणि मज्जारज्जूतला बुडबुडा माणसाला पांगळं करू शकतो.

हे टाळण्यासाठी टप्प्याटप्प्याने वर यायची रीत शास्त्रशुद्ध पायावर उभी राहिली ती ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्यामुळे. त्यांनी बकऱ्यांवर दाबकोठीत प्रयोग केले. 1906 मध्ये स्कॉटलंडच्या ब्यूट बेटाजवळ ब्रिटिश नौदलातले डॅमंट आणि कॅटो हे दोघे त्यांच्या पद्धतीने सुमारे 64 मीटर खोल जाऊन सुखरूप वर आले. 1908 मध्ये हॉल्डेन यांनी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह आपला प्रसिद्ध प्रबंध छापला. त्यात कुठल्या खोलीवर किती वेळ थांबायचं याची कोष्टकं होती. आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरचा संगणक त्या कोष्टकांचाच पुष्कळ सुधारलेला वारस आहे.

या कोष्टकांमधली एक गोष्ट आजच्या विषयाचं मूळ आहे. थांबे साधारण तीन-तीन मीटरच्या अंतराने येतात, उदाहरणार्थ बारा, नऊ, सहा, तीन. खालचे थांबे छोटे असतात आणि वर यावं तसे ते लांबत जातात. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या, म्हणजे सहा आणि तीन मीटरच्या थांब्यांवर काढावा लागतो. दाबातला बदल टक्केवारीत पाहिला की याचं कारण लक्षात येतं. तीस मीटरवरून सत्तावीसवर आलं तर फुगलेल्या वायूचं आकारमान सुमारे आठ टक्क्यांनी वाढतं. तीन मीटरवरून पृष्ठभागावर आलं तर ते तीस टक्क्यांनी वाढतं. अंतर दोन्हीकडे तीनच मीटर आहे, पण शरीरावरचा परिणाम चौपट आहे. म्हणून वर पोचण्याआधीचा उंबरठा सगळ्यात जपून ओलांडायचा.

पण लाटांची हालचाल सगळ्यात जास्त असते तीही याच वरच्या थरात. शरीर म्हणतं इथे सगळ्यात जास्त थांब, आणि थांबणं सगळ्यात अवघड असतं तेही इथेच.

ओढीचा हिशेब

समुद्रातला वेग ‘नॉट’मध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर, म्हणजे बाजारात भाजी बघत रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. हे ऐकून प्रवाह किरकोळ वाटतो. पण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असतं. तो फरक हिशेबात धरला तर एक नॉटच्या पाण्याचा अंगावर पडणारा रेटा ताशी पन्नास किलोमीटरच्या वाऱ्याच्या रेट्याइतका भरतो. आषाढातल्या वावटळीत छत्री उलटी होते, तो वारा आठवावा. शिवाय हा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. अर्ध्या नॉटला सहज दोर धरून राहिलेला माणूस दीड नॉटला कोसळत्या धबधब्याखाली उभा असल्यासारखा होतो. आणि प्रवाहाचा वेग तासाभरात बदलतो. उतरताना होता तसा तो चढताना असेलच असं नाही.

मुठीने दोर धरून राहणाऱ्या पाणबुड्याचं या रेट्याखाली काय होतं, हे क्रमाने पाहू.

आधी बोटं आणि मनगट थकतात. थंड पाण्यात, जाड हातमोज्यांत, तर फारच लवकर. मग तो हात बदलतो, दंड ताणतो, पाय मारून ओढ कमी करू पाहतो. या कष्टाने श्वास जलद होतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो आणि मन अस्वस्थ होतं. वायूचा हिशेब मात्र शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाचा मांडलेला असतो. धापा टाकणारा माणूस दुप्पट, तिप्पट वायू संपवतो. थांब्याची मिनिटं बाकी आणि सिलिंडर रिकामा होत चाललेला, यापेक्षा वाईट पेच पाण्याखाली क्वचितच असेल.

दुसरी अडचण हातांची. खोल डुबकीत पाणबुड्याजवळ एकाहून अधिक सिलिंडर असतात आणि प्रत्येकातला वायू वेगळ्या खोलीसाठी असतो. वर येताना ठरलेल्या खोलीवर एक मुखनळी काढून दुसरी तोंडात घ्यायची असते. त्याआधी सिलिंडरवरची खूण वाचायची, झडप उघडायची, नळी कुठून कुठे गेली आहे ते हाताने चाचपायचं आणि जोडीदाराला दाखवून खात्री करून घ्यायची. चुकीच्या खोलीवर चुकीचा वायू तोंडात गेल्याने पाणबुड्यांचे जीव गेले आहेत. हे काम एका हाताने, तेही फडफडणाऱ्या शरीराने करायला लावणं म्हणजे चुकीला बोलावणं धाडणं.

तिसरी अडचण लाटांची. नांगराच्या दोराचं खालचं टोक तळाशी रुतलेलं आणि वरचं बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेलं असतं. लाटेवर नाळ उचलली की दोर ताणून वर येतो, नाळ आपटली की सैल पडून खाली जातो. वरच्या काही मीटरांत हा हिसका सगळ्यात जोराचा असतो. मुठीने धरलेला माणूस त्या दोराबरोबर वर-खाली होत राहतो. साडेचार मीटरवरून दीड मीटरवर खेचला गेला, तर त्याच्या फुप्फुसातल्या हवेचं आकारमान सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढतं. अशा वेळी त्याने श्वास कोंडून धरलेला असेल तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. खाली गेला तरी धोका आहेच. सहा मीटरच्या थांब्यावर अनेक पाणबुडे शुद्ध ऑक्सिजन घेतात, कारण त्याने नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. पण सहा मीटर ही शुद्ध ऑक्सिजनची रूढ मर्यादा आहे. त्याखाली वाढत्या दाबाचा ऑक्सिजन मज्जासंस्थेला विषासारखा बाधतो आणि आकडी येऊ शकते. पाण्याखाली आकडी येणं म्हणजे बहुधा बुडणंच. थोडक्यात, त्या माणसाला वरही चालत नाही आणि खालीही चालत नाही.

अँड्रिया डोरियाच्या दोरावर

25 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला, दाट धुक्यात ‘स्टॉकहोम’ हे स्वीडिश जहाज ‘अँड्रिया डोरिया’ या देखण्या इटालियन प्रवासी जहाजाच्या उजव्या कुशीत घुसलं. डोरियावर सतराशेहून अधिक माणसं होती. सुमारे अकरा तास ते कलंडलेल्या अवस्थेत तरंगत राहिलं आणि 26 जुलैच्या सकाळी बुडालं. दोन्ही जहाजांवर मिळून एकावन्न माणसं दगावली. बाकी सगळ्यांना भोवती जमलेल्या जहाजांनी वाचवलं. ती समुद्रातल्या मोठ्या सुटकांपैकी एक गणली जाते.

दुसऱ्याच दिवशी पीटर गिंबेल हा तरुण पाणबुड्या तिथे उतरला आणि त्याने जहाजाची छायाचित्रं काढली. तेव्हापासून हे जहाज पाणबुड्यांना खुणावत राहिलं. जहाज उजव्या कुशीवर निजलं आहे आणि तळ सुमारे पंच्याहत्तर मीटरवर आहे. सुरुवातीच्या काळात वरची बाजू पन्नासेक मीटरवर हाताला लागायची, नंतर ती ढासळत गेली. पाणी थंड आणि गढूळ, जहाजाला मासेमारीची जाळी गुंतलेली, उघड्या समुद्रातल्या जोरदार प्रवाहांचा भरवसा नाही. तिथे जाणारे लोक या जहाजाला पाणबुड्यांचं एव्हरेस्ट म्हणत आणि एव्हरेस्टसारखेच त्यानेही बळी घेतले. इथे मेलेल्या पाणबुड्यांची संख्या डझनाच्या वर आहे.

तळाशी वीस-पंचवीस मिनिटं काढली तर वर येताना तासभर किंवा त्याहून जास्त वेळ थांबावं लागे. बोट जहाजाच्या सांगाड्याशी दोराने बांधलेली असे आणि सगळ्यांचा जाण्यायेण्याचा रस्ता म्हणजे तोच एक दोर. डुबकी संपवून येणारे सगळे एकाच दोरावर, एकाच तीन मीटरच्या खुणेपाशी गोळा होत. सायंकाळी सुटलेल्या लोकलच्या दाराशी एकाच दांड्यावर सात-आठ हात असावेत तसं ते दृश्य. हात सुटला की समोर मोकळा अटलांटिक, आणि वरून जाणाऱ्या मालवाहू जहाजांची वाट.

या दाव्याच्या शोधाचं श्रेय त्याच किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजांवर उतरणाऱ्या जॉन हल्बर्ट यांना दिलं जातं आणि त्यांच्या पहिल्या नावावरूनच ते ‘जॉनलाइन’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यात पेटंट घेण्याजोगं यंत्र काही नाही. दोरीचा तुकडा, एक फास, एक आकडी, एवढंच. पण दोर धरायचा नाही, दोराला स्वतःला अडकवून घ्यायचं आणि हात मोकळे ठेवायचे, हा विचार मुठीने लटकून दमलेल्या माणसालाच सुचू शकतो. अनुभवातून आलेल्या अवजारांना अंगभूत साधेपणा असतो. बैलगाडीची खीळ असो की विहिरीवरचा रहाट, तेही असेच कुणाच्या तरी थकलेल्या हातांतून आलेले असणार.

दोन मीटरांची करामत

दाव्याचं एक टोक नांगराच्या दोराभोवती फिरवून अडकवायचं. काही जण त्यासाठी फास करतात, काही जण आकडी लावून तीच दोरी परत तिच्यात अडकवतात. नांगराचा दोर बहुधा तिरका असतो, त्यामुळे एकच वेढा घेतला तर तो प्रवाहाबरोबर दोरावर घसरत वर जातो. म्हणून दोन वेढे घ्यायचे, म्हणजे घर्षणाने ते जागच्या जागी राहतं. दुसरं टोक हातात धरता येतं किंवा पाणबुड्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना असलेल्या कडीत अडकवता येतं. कडी कुठली हेही महत्त्वाचं आहे. ओढ खांद्यावरून आली तर शरीर उभं होऊन प्रवाहाला छाती देतं आणि रेटा वाढतो. ओढ कमरेजवळून, शरीराच्या मध्यातून आली तर माणूस प्रवाहाला तोंड करून आडवा राहतो, माशासारखा. रेटा कमी पडतो आणि अंगाची तडफड थांबते. तोंड प्रवाहाकडे ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. पाणी बाजूने आपटत राहिलं तर मुखवटा सरकतो.

लाटांचं काय होतं ते आता पाहा, कारण दाव्याची खरी हुशारी तिथे आहे. समजा दावं दोन मीटरचं आहे आणि पाणबुड्या दोराच्या मागे, प्रवाहाच्या दिशेने, दोन मीटरवर तरंगतो आहे. लाटेने नाळ उचलली आणि त्याच्या समोरचा दोर साठ सेंटिमीटर वर गेला. मुठीने धरला असता तर तोही साठ सेंटिमीटर वर गेला असता. आता मात्र दावं फक्त तिरकं होतं. दोन मीटरच्या तिरप्या दोरीचं आडवं अंतर भूमितीने काढलं तर ते 1.91 मीटर भरतं. म्हणजे पाणबुड्याला जेमतेम नऊ सेंटिमीटर पुढे ओढलं जातं आणि त्याची खोली तीच राहते. वर-खालीचा हिसका आडव्या, हलक्या झोक्यात बदलतो. पाळण्यातलं मूल झुलावं तसा तो झुलत राहतो आणि पाळणा बांधलेली तुळई कितीही कुरकुरली तरी मुलाला हिसका बसत नाही.

पण यात एक अट आहे आणि ती पाळली नाही तर सगळं मुसळ केरात जातं. पाणबुड्याचा तरंगता तोल पक्का हवा. त्याने ना वर उठायचं, ना खाली बुडायचं. दावं त्याला फक्त आडवं धरून ठेवतं, खोली सांभाळण्याचं काम त्याचं स्वतःचंच आहे. जाकिटातल्या हवेने आणि श्वासाने जो स्वतःला जागी ठेवू शकत नाही, तो दाव्याच्या टोकाला पतंगासारखा वर जातो किंवा गळाला लावलेल्या शिशासारखा लोंबतो. तोल न शिकलेल्या माणसाच्या हातात दावं दिलं तर त्याला तोल आल्याचा भास होतो, आणि असा भास प्रवाहापेक्षा धोकादायक असतो.

गर्दीचाही प्रश्न दाव्याने सुटतो. सहा जण एकाच खुणेवर मुठी आवळून बसण्याऐवजी आपापल्या दाव्याने थोड्या वर-खाली अंतरावर, देठाला फुटलेल्या पानांसारखे पसरतात. ज्याला आधी वर जायचं तो इतरांच्या हातांना न ओलांडता निघतो. हात मोकळे असल्याने माणूस संगणक पाहतो, वायू नीट बदलतो, जोडीदाराला खूण करतो. मन शांत होतं, श्वास लांबतो, आणि शांत श्वासाबरोबर नायट्रोजन आपल्या गतीने निघून जातो. मूळ काम तेवढंच होतं.

निरगाठ नव्हे, सुरगाठ

इथवर वाचून वाटेल की दोरी भक्कम असावी आणि गाठ कधीही न सुटणारी असावी. हा विचार पाण्याखाली जीव घेऊ शकतो.

समजा वरती नांगराचा दोर तुटला. किंवा बोटीवर काही आणीबाणी आली आणि कप्तानाने दोर सोडून दिला. दाव्याने अडकलेला पाणबुड्या त्या सुट्या दोराबरोबर ओढला जाईल. काही ठिकाणी नांगराऐवजी तळाशी वजन आणि वर बोया असलेला दोर वापरतात. जोराच्या प्रवाहात तो बोया पाण्याखाली खेचला जातो. तशा वेळी अडकलेला माणूस सहा मीटरवरून आणखी खोल नेला जाईल, आणि तोंडात शुद्ध ऑक्सिजन असेल तर काय होईल ते वर आलंच आहे. या सगळ्या वेळी एकाच गोष्टीला किंमत असते : तुम्ही किती सेकंदात सुटा होऊ शकता?

आपल्या आज्यांना दोन गाठी माहीत होत्या. निरगाठ, जी ओढली की आणखी घट्ट होते. आणि सुरगाठ, जी काम करते तोवर धरून ठेवते आणि टोक ओढलं की सहज सुटते. पाणबुड्याचं दावं सुरगाठीच्या घराण्यातलं असलं पाहिजे. म्हणून काही जुने पाणबुडे शरीराकडचं टोक अडकवतच नाहीत, हातात धरतात, म्हणजे मूठ उघडली की सुटका. जे अडकवतात ते एका हाताने, हातमोजा घालून, न बघता उघडता येईल अशी आकडी घेतात आणि उतरण्याआधी ती उघडण्याचा सराव करतात. आकडी आणि दोरी यांचा जोड धातूचा नसतो, जाड सुतळीचा असतो, म्हणजे आकडी अडलीच तर चाकूने जोड कापता येतो. चाकू किंवा कात्री दोन्ही हात पोचतील अशी बांधलेली असते. आत दाबून उघडणारी, दोरी स्वतःहून गिळणारी आकडी अनुभवी माणसं वापरत नाहीत, कारण ती हवी नसतानाही कुठल्याही दोराला जाऊन चिकटते आणि काढताना दोन्ही हात लागतात. त्यांच्यात अशा आकडीला ‘सुसाइड क्लिप’ असं नाव पडलं आहे आणि ते अनुभवातून आलं आहे.

आणि दावं सुटलंच, म्हणजे आपण दोरापासून वाहून गेलो, तर पुढचा उपाय आधीच अंगावर हवा. खोलीवरून सोडायचा, वायू भरला की वर जाऊन लाल-नारिंगी उभा राहणारा फुगा, त्याची रिळावर गुंडाळलेली दोरी, आणि बोटीवर कुणीतरी त्या फुग्याची वाट पाहणारं. एकाच दोरीवर सगळा भरवसा टाकणारा पाणबुड्या खोल पाण्यात फार काळ टिकत नाही.

बांधून न घेण्याचा मार्ग

दाव्याचा सगळा खटाटोप एका गोष्टीमुळे होतो : पाणी वाहतं आहे आणि आपण स्थिर दोराला चिकटलो आहोत. आपणच पाण्याबरोबर वाहिलो तर? तर रेटा उरतच नाही. नदीच्या मधोमध होडीत बसलेल्या माणसाला पाणी वाहतं आहे हे फक्त काठावरच्या झाडांवरून कळतं. फुगा वर सोडून, त्याच्या दोरीला जोडलेले राहून, प्रवाहासोबत वाहत जायचं आणि वाहता वाहता थांबे पूर्ण करायचे, ही पद्धत आज अनेक समुद्रांत रूढ आहे. काही गट तर एक तरंगता तळ तयार करतात. ठरलेल्या प्रत्येक खोलीवर आडव्या दांड्या, वर मोठे बोये, आणि सगळे आत आले की मुख्य दोरापासून तो सोडून द्यायचा. सगळे मिळून वाहतात, बोट मागून येते.

पण त्यासाठी पाठीशी येणारी मोकळी बोट लागते, निरीक्षक लागतो, समुद्रमार्ग मोकळा लागतो. एकच बोट सांगाड्याला बांधलेली, जहाजांची वर्दळ, पृष्ठभागावर धुकं, अशा ठिकाणी वाहत जाणं म्हणजे हरवणं. म्हणून दाव्याची गरज अजून संपलेली नाही. कुठे बांधून घ्यायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे समुद्र ठरवतो, माणसाने ते ओळखायचं असतं.

आपल्या किनाऱ्यावरून

मालवण, तारकर्लीत आज अनेक मराठी माणसं पहिल्यांदा पाण्याखालचं जग पाहतात. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. तिथली बहुतेक डुबकी उथळ असते आणि कोष्टकातले सक्तीचे थांबे तिच्यात येत नाहीत. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात कित्येक दिवस दाबाखाली राहून काम करणाऱ्या पाणबुड्यांचा प्रश्न वेगळा. त्यांचं डीकॉम्प्रेशन, म्हणजे दाब टप्प्याटप्प्याने उतरवणं, जहाजावरच्या दाबकोठीत होतं. दावं लागतं ते या दोघांच्या मधल्या जगात, म्हणजे पाण्यातच थांबे घेणाऱ्या खोल डुबक्यांत.

तरी उथळ डुबकी मारणाऱ्यालाही यातून घेण्यासारखं आहे. त्याला शिकवलं जातं की वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांब. तो थांबतो, आणि बहुधा नांगराचा दोर घट्ट पकडून. पुढच्या वेळी बघा : मूठ आवळलेली आहे की बोटं नुसती दोराला टेकली आहेत? श्वास लांब आहे की तोकडा? शरीर प्रवाहाला छाती देतंय की तोंड? कोकणच्या कोळ्यांना उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जोराने ओढतं, अष्टमीच्या आसपास ते मवाळ असतं. पाण्यात उतरण्याआधी तिथी विचारणारा पाणबुड्या दावं बांधायच्या आधीच अर्धी लढाई जिंकतो.

हे दावं मात्र लेख वाचून वापरायची गोष्ट नाही. आधी तोल, मग उथळ पाण्यात अनुभवी प्रशिक्षकासोबत अडकवण्याचा आणि सोडण्याचा सराव, मग प्रवाह, हाच क्रम. आणि सोडण्याचा सराव अडकवण्याच्या दुप्पट.

आता पुन्हा त्या सहा मीटरवरच्या पाणबुड्याकडे जाऊ. आता त्याच्या कमरेजवळून एक पातळ दोरी समोरच्या नांगराच्या दोराकडे गेली आहे. दोर लाटेवर वर-खाली होतो आहे, पण तो झुलतो आहे. त्याचे दोन्ही हात मोकळे आहेत, एकाच्या मनगटावर संगणक आहे. दुसरा हात पोटाशी आहे आणि त्याचा अंगठा नकळत आकडीच्या खिट्टीवर टेकलेला आहे, गरज पडली तर मागे ओढायला. बोटीच्या शिडीवर ऊन अजून फुटतंच आहे. त्याला घाई नाही.

पुढच्या आठवड्यात आपण त्या लाल-नारिंगी फुग्याबद्दल बोलू. तो पाण्याखालून कसा सोडायचा, रिळाची दोरी अडकली तर काय करायचं, आणि वर बोटीवरच्या माणसाला तो काय सांगतो, हे पाहू.